ल्योंमधील मुक्काम आणि रोजचा बाजारहाट

प्रश्न (रावपुरा, वडोदरा): मुलाकडे फ्रान्समधल्या ल्यों शहरात महिनाभर राहायला जाणार आहोत. तो दिवसभर कामावर असल्याने किराणा आम्हा दोघांनाच आणावा लागेल. आम्ही शाकाहारी असून फ्रेंच येत नाही. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर (अलकापुरी): काकू, दुकानात शिरताच आधी ‘बोंझूर’ म्हणावे, कारण अभिवादन न करता थेट भाव विचारणे तिथे उद्धटपणाचे समजले जाते. उघड्या बाजारात, आपण खंडेराव मार्केटात पाहतो तसे टोमॅटो दाबून पाहू नयेत. किती हवेत ते बोटांनी दाखवले की सहसा विक्रेताच निवडून देतो. घासाघीस तर नकोच. कापडी पिशवी बरोबर ठेवावी, कारण गल्ल्यावर पातळ प्लास्टिक पिशव्या देण्यास २०१६ पासून बंदी आहे.

उत्तर (मांजलपूर): रविवारी दुपारनंतर बरीच दुकाने बंद असतात, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आणावी. मसूर डाळ ‘लांतीय कोराय’ या नावाने मिळते, फोडणीचे सामान मात्र इथूनच न्यावे. गोड पदार्थांच्या वेष्टनावर जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेला पदार्थ) लिहिले आहे का, ते पाहावे. शिवाय कोंतेसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट (दूध घट्ट करणारे द्रव्य) असते, हे विक्रेता आपणहून सांगत नाही.

प्रश्नकर्ती: चीजचे ठाऊकच नव्हते. हिंग आजच यादीत लिहिला.