वयस्कर पेशंटची हालचाल आणि रिस्टोरेटिव्ह केअर, डिझर्टेशनमध्ये नेमकं मोजायचं काय?

मेडिसिनवॉर्ड_सिस्टर
नमस्कार मंडळी, एमएससी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याआधी बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स होते. वयस्कर पेशंटना चालतं-फिरतं ठेवणं आणि रिस्टोरेटिव्ह केअर, म्हणजे स्वतःची कामं स्वतः करायची त्यांची क्षमता टिकवणारी काळजी, हा डिझर्टेशनचा विषय मी स्वतःहून मागून घेतलाय, कारण वॉर्डात हे सारखं बघितलंय. न्यूमोनिया घेऊन आजी येतात, घरी स्वतःच्या पायाने बाथरूमला जाणाऱ्या, मग ताप उतरतो, छाती साफ होते, डिस्चार्ज कार्डावर सुधारणा असं लिहिलं जातं आणि आजी व्हीलचेअरवरून निघतात, उभं राहायलाच घाबरतात. आजार बरा झाला पण पाय गेले, आणि ते कुठल्याच कागदावर येत नाही.

आता गाईड मॅडम म्हणतायत की नर्सेससाठी टीचिंग प्रोग्रॅम घे, आधी आणि नंतर ज्ञानाची प्रश्नावली भरून घे, दोन्ही वेळच्या मार्कांची तुलना करणारी टी-टेस्ट लाव, वेळेत संपेल. त्यांचं म्हणणं वेळेच्या दृष्टीने बरोबर आहे, पण मन मानत नाहीये. पेशंटला चालवायला हवं हे कुठल्या नर्सला माहीत नसतं? दुसरं म्हणजे एथिक्स कमिटी पहिला प्रश्न हाच टाकणार की पेशंट पडला तर जबाबदार कोण. आणि चालवणं हे फिजिओचं काम, तुम्ही त्यात कशाला, असंही ऐकायला मिळतंय. कोणी या विषयावर काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

शिकवते_नर्सिंग
विषय उत्तम निवडलास, आणि मन मानत नाही ते योग्यच आहे. शिकवलं की त्यानंतर प्रश्नावलीतले मार्क वाढणारच, पण त्याने आजी खुर्चीत बसल्या का हे कळत नाही. २००६ मध्ये नर्सिंग संशोधक बिअॅट्रिस कॅलिश यांनी नर्सेसशी बोलून राहून जाणारं नर्सिंग काम कोणतं हे शोधलं होतं, त्या यादीत पेशंटला चालवणं होतं, कूस बदलणं होतं. आणि ही कामं राहायची कारणं काय, तर माणसं कमी, वेळ नाही, हे आपलं काम नाही असं वाटणं, आणि आज राहिलं मग उद्याही राहिलं की अंगवळणी पडणं. यातलं एकही प्रश्नावलीने सुटत नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बार्बरा किंग यांचंही काम वाच. नर्स पेशंटला चालवायचं की नाही हे ठरवते कशी, हेच त्यांनी नर्सेसना विचारलं. काही नर्सेस हे आपलंच काम मानतात आणि पेशंट आल्यापासून सुरू करतात, काही जणी डॉक्टरांनी लिहावं, फिजिओने बघावं म्हणून थांबतात. पुढच्या अभ्यासात तर असं दिसलं की पडझड शून्य ठेवा असा दबाव आला की नर्सेस पेशंटला बेडवरच ठेवायला लागतात, म्हणजे वॉर्डाचा रिपोर्ट चांगला आणि पेशंटचे पाय कमजोर.

रिस्टोरेटिव्ह केअरसाठी मात्र मेरीलँड विद्यापीठाच्या बार्बरा रेझनिक यांच्याशिवाय पुढे जाऊच नकोस. त्या स्वतः नर्स आहेत आणि त्यांचा सगळा भर वेगळा व्यायाम देण्यावर नाहीये, तर रोजची जी कामं आपण पेशंटसाठी करून टाकतो त्यातला जमेल तेवढा भाग त्याच्याकडेच ठेवण्यावर आहे. पाया मानसशास्त्रज्ञ बॅंडुरांच्या सेल्फ-एफिकसीचा, म्हणजे मला हे जमेल हा विश्वास. पेशंटचा तर हवाच, पण नर्सचाही हवा की हे आजोबा करू शकतील. रेझनिक यांची पद्धतही नुसतं शिकवून थांबत नाही, आधी वॉर्डाची जागा आणि नियम तपासायचे, मग शिकवायचं, मग प्रत्येक पेशंटचं ध्येय ठरवायचं, आणि त्यानंतर एक नर्स सतत स्टाफच्या पाठीशी उभी राहते.

म्हणून मी म्हणेन सकाळचा अर्धा तास बघ. तोंड धुणं घे उदाहरणार्थ. एक नर्स ब्रशला पेस्ट लावते, आजोबांचं तोंड उघडते, दात घासून देते, पुसते, दोन मिनिटांत मोकळी. दुसरी बेडचं डोकं वर करते, पाय खाली सोडून बसवते, ब्रश हातात देते आणि थांबते, हात थरथरला तर कोपराखाली आधार देते फक्त. दुसऱ्या पद्धतीत आजोबा बसले, तोल सांभाळला, खांदा हलला, आणि मी केलं हेही मिळालं. कोणी काय केलं याची निरीक्षणाची चेकलिस्ट बनव, ते मोज. टीचिंग प्रोग्रॅम ठेवायचा तर ठेव, गाईडही खूश, पण निकाल बेडपाशी शोध.

फिजिओ_वरिष्ठ
फिजिओ म्हणून सांगतो, चालवणं फक्त आमचं काम आहे हे डोक्यातून काढा. मी एका पेशंटजवळ दिवसातून वीस मिनिटं असतो, बाकीचा सगळा दिवस सिस्टरच असतात त्याच्याजवळ. पेशंट वीस मिनिटं चालला आणि उरलेला वेळ आडवा राहिला तर माझ्याने काही होत नाही.

आकडे लागतील तुम्हाला सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्यात. सिंथिया ब्राउन आणि सहकाऱ्यांनी ६५ च्या पुढच्या भरती पेशंटच्या अंगाला सेन्सर लावून बघितलं, २००९ चा पेपर आहे, सरासरी ८३ टक्के वेळ आडवे. आणि हे असे पेशंट होते जे भरतीच्या आधी चालू शकत होते. दुसरा कोर्टेबाइन यांचा २००७ चा, निरोगी वयस्कर लोकांना फक्त १० दिवस बेडवर ठेवलं तर पायातलं जवळपास एक किलो मांस गेलं. निरोगी होते ते, तुमच्या आजींना वर ताप आहे, जेवण जात नाहीये. उलट बाजूही लिहा, स्पेनमधल्या पॅम्प्लोनाचा २०१९ चा ट्रायल, ३७० पेशंट, सरासरी वय ८७, भरती असतानाच रोज देखरेखीखाली व्यायाम दिला तर तोल, चालण्याचा वेग आणि खुर्चीतून उठणं बघणाऱ्या १२ मार्कांच्या एसपीपीबी टेस्टमध्ये नेहमीच्या केअरपेक्षा २.२ मार्क जास्त. म्हणजे या वयात काय फरक पडणार हे म्हणणं टिकत नाही.

मोजण्यासाठी वॉर्डात रोज जमेल असं हवं तर जॉन्स हॉपकिन्सची मोबिलिटी स्केल घ्या, १ म्हणजे नुसता बेडवर पडून, ३ म्हणजे बेडच्या कडेला बसला, ४ खुर्चीत गेला, ६ ला दहा पावलं, ८ म्हणजे २५० फूट किंवा जास्त. यात पेशंट काय करू शकतो हे नाही, आज प्रत्यक्ष काय केलं ते लिहायचं, म्हणून ती तुमच्या विषयाला बरोबर बसते. टाइम्ड अप अँड गो, म्हणजे खुर्चीतून उठून थोडं चालून परत बसायला किती वेळ लागतो ती टेस्ट, चांगली आहे पण जो उभाच राहू शकत नाही त्याचा आकडाच मिळत नाही आणि तुमचे अर्धे पेशंट तसेच असतील, त्यामुळे तिच्यावर सगळं टाकू नका.

एक विनंती, सिस्टरांना खुर्चीतून उठवणं नीट दाखवा. काखेत हात घालून ओढू नका, खांद्याला इजा होते आणि पेशंट मागे रेलतो. आधी ढुंगण पुढे सरकवायला सांगा, पावलं गुडघ्याच्या थोडी मागे, हात खुर्चीच्या दांडीवर, मग नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायला सांगा, वजन पुढे आलं की बरेच जण आपले आपण उठतात. आपण बाजूला हात कमरेपाशी ठेवून उभं राहायचं.

घरची_लेक
मी नर्स नाही, वडिलांची काळजी घेणारी मुलगी आहे, मध्येच लिहिते म्हणून माफ करा. बाबांना डिमेन्शिया आहे. ठेवलेली केअरटेकर फार मायेची आहे पण सगळं स्वतः करते, शर्टाची बटणं लावून देते, घास भरवते, आणि आता बाबा हातच उचलत नाहीत. मी सांगायला गेले तर तिला वाटतं मी तिच्या कामावर शंका घेतेय. डिमेन्शिया असताना हे वरचं सगळं शक्य असतं का हो?

शिकवते_नर्सिंग
ताई, माफी कसली, तुम्ही जे लिहिलंय तोच तर विषय आहे. डिमेन्शिया असलेल्यांबरोबरही हे काम झालंय, रेझनिक यांचंच आहे त्यातलं बरंच. एकावेळी एकच छोटी सूचना द्या, शब्द कळला नाही तर करून दाखवा, आणि तरीही नाही जमलं तर त्यांच्या हातावर आपला हात ठेवून सुरुवात करून द्या, बऱ्याचदा सवयीने हात पुढचं करतो. बटणांचं म्हणाल तर वरची सगळी तिने लावायची आणि शेवटचं एक बाबांसाठी ठेवायचं. ते जमायला लागलं की दोन. आणि तिला चूक म्हणून सांगू नका, बाबांनी आज स्वतः काय केलं ते रोज मला सांग असं म्हणा, तिचं लक्ष आपोआप तिकडे जाईल. अचानक जमेनासं झालं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, इन्फेक्शन किंवा औषधानेही असं होतं.

इन्चार्ज_सिस्टर
पडण्याच्या प्रश्नावर मी लिहिते कारण घटनेचा रिपोर्ट मलाच भरावा लागतो. बेडवर ठेवलं म्हणजे सुरक्षित हे खरं नाही. पाय कमजोर झालेला पेशंट रात्री एकटा टॉयलेटला उठतो आणि पडतो, दिवसा चालवला असता तर त्याला आणि आम्हाला दोघांना त्याचा अंदाज असता. पेशंट बेडवरून उठला की वाजणाऱ्या बेड अलार्मचा मोठा ट्रायल २०१२ ला आला होता, अलार्मचा वापर वाढला पण पडणं कमी झालं नाही. हे एथिक्स कमिटीसमोर मांडा.

पण सुरक्षा कशी घेणार तेही लिहून द्या. पहिल्यांदा उभं करायच्या आधी झोपून बीपी, मग उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत, वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं तर बसवायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. पायात न घसरणारी चप्पल, चष्मा डोळ्यावर. आणि सगळ्यात आधी बघा की पेशंटला बांधून काय ठेवलंय, गरज संपलेला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आणि चोवीस तास चालू असलेलं सलाईन. कॅथेटर काढला की माणूस टॉयलेटला जाण्यासाठी उठतोच, तेवढंच चालणं दिवसातून चार-पाच वेळा होतं.

माझ्या स्टाफच्या बाजूनेही बोलते. तीस पेशंट आणि दोन सिस्टर असताना आजोबा ब्रश करेपर्यंत थांबा हे सांगणं सोपं नाहीये. तुमच्या अभ्यासात वेळ नक्की मोजा, पेशंटला करू दिल्यावर किती मिनिटं जास्त लागतात आणि काही दिवसांनी ती कमी होतात का. आम्हाला वरच्यांकडे माणसं मागायला तोच आकडा लागतो.

मेडिसिनवॉर्ड_सिस्टर
सगळ्यांचे मनापासून आभार. वेळ मोजायचं माझ्या डोक्यातच नव्हतं, ते आता नक्की घेते. गाईड मॅडमशी बोलले, टीचिंग प्रोग्रॅम ठेवून मुख्य निकाल हॉपकिन्स स्केल आणि सकाळच्या कामाचं निरीक्षण असं चालेल म्हणाल्या. एकच अडचण, एकाच वॉर्डात अर्धे पेशंट या पद्धतीने आणि अर्धे नेहमीसारखे असं करता येईल का?

शिकवते_नर्सिंग
नाही, तसं करू नकोस. शिकलेली नर्स समोरच्या बेडपाशी गेल्यावर शिकलेलं विसरत नाही, दोन्ही गट एकमेकांत मिसळतील. सारख्या पेशंटचे दोन वॉर्ड मिळाले तर एकात सुरू कर, नाहीतर एकाच वॉर्डात आधीचे काही आठवडे नुसतं निरीक्षण आणि मग सुरुवात. निरीक्षण करणारी व्यक्ती शक्यतो त्या वॉर्डाची नसावी, आणि तिचं निरीक्षण तुझ्याशी जुळतं का हे आधी थोड्या पेशंटवर तपासून घे.

आणि बेसलाईन, म्हणजे तुलनेसाठीची सुरुवातीची स्थिती, भरतीच्या दिवसाची धरू नकोस, त्या दिवशी पेशंट आजारीच असतो. भरतीच्या दोन आठवडे आधी ते काय काय स्वतः करत होते हे पेशंटला आणि नातेवाइकांना विचारून बार्थेल, म्हणजे रोजची कामं स्वतः किती जमतात याची स्केल, भर, मग भरतीला, मग डिस्चार्जला. कोविन्स्की यांनी २००३ मध्ये ७० च्या पुढच्या पेशंटवर असंच केलं होतं, तेव्हा ३५ टक्के लोक आधीपेक्षा जास्त परावलंबी होऊन बाहेर पडले हे दिसलं. नुसतं भरती आणि डिस्चार्ज बघितलं असतं तर त्यातले बरेच जण सुधारलेले किंवा होते तसेच आहेत असं वाटलं असतं. सिनॉप्सिस झाला की इथे टाक, चेकलिस्टचा मसुदा मी बघून देते.