मदत हवी आहे: कॉफी पावडरचा सहा महिन्यांचा भाव आत्ताच बांधून घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या. पार्ल्याला स्टेशनपासून पाच मिनिटांवर आमचं छोटं नाश्त्याचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि माझे दीर बघतो. इडली, उपमा, साबुदाणा वडा आणि फिल्टर कॉफी. कॉफी दिवसाला साधारण दीडशे कप जाते, सकाळी फिरून येणारे आजी-आजोबा, मग ऑफिसवाले, दुपारनंतर कॉलेजची पोरं. खरं सांगायचं तर लोक कॉफीसाठी येतात आणि सोबत इडली खातात, त्यामुळे कॉफी बिघडली की सगळंच बिघडतं.

तर प्रश्न असा. आम्ही ८०-२० पावडर घेतो, म्हणजे ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरी, महिन्याला ५० किलोच्या आसपास. दोन वर्षांपूर्वी हीच पावडर ५२० रुपये किलोने मिळत होती, आज ८५० ला पडते. मधल्या काळात आमचा सप्लायर दर दीड-दोन महिन्यांनी फोन करायचा आणि "वहिनी, परत वाढलंय" म्हणायचा, मी काय बोलणार, घेत राहिले. आता त्याने नवीन ऑफर आणलीय: ८८० चा भाव सहा महिन्यांसाठी फिक्स, महिन्याला ५० किलो उचलायचं, पण निम्मे पैसे आत्ताच. म्हणजे ३०० किलोचे २ लाख ६४ हजार, त्यातले १ लाख ३२ हजार आज द्यायचे. तो म्हणतो की भाव परत हजारावर जाणार, नंतर मला बोलू नका.

दीर म्हणतात देऊन टाकू, रोजची कटकट संपेल. माझं मन घेत नाहीये. म्हणून गेले पंधरा दिवस रात्री दुकान बंद झाल्यावर मोबाइलवर जेवढं मिळेल तेवढं वाचतेय. मला कळलं ते लिहिते, चुकलं असेल तर सांगा.

कॉफीच्या मुख्य जाती दोन, ॲरेबिका आणि रोबस्टा. ॲरेबिकाचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात (जिथे पुढच्या तारखेच्या मालाचे सौदे आजच होतात) ठरतो, पाउंडाला (साधारण ४५४ ग्रॅमला) किती सेंट असा, आणि रोबस्टाचा लंडनला, टनाला किती डॉलर असा. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कला पाउंडाला ४ डॉलर ३० सेंटच्याही वर गेला होता, आकड्याने बघितलं तर तोपर्यंतचा सगळ्यात जास्त. त्याआधीचा उच्चांक १९७७ चा होता, १९७५ च्या जुलैमध्ये ब्राझीलला कडाक्याची थंडी पडून कॉफीच्या बागाच्या बागा जळाल्या त्यानंतरचा. यावेळी कारण दुष्काळाचं, २०२४ मध्ये ब्राझीलला पाऊस नाही, त्याच्या आधी व्हिएतनामला नाही, आणि हे दोन देश म्हणजे जगातली निम्म्याहून जास्त कॉफी. मग जुलै २०२५ मध्ये भाव तीन डॉलरच्या खाली आला, तेव्हा मला वाटलं चला सुटलो, तर ऑगस्टमध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या मालावर ५० टक्के टॅरिफ (आयात कर) लावला आणि ऑक्टोबरपर्यंत परत चारच्या वर. नोव्हेंबरमध्ये त्यांनी कॉफीवरचा टॅरिफ काढून टाकला. हे सगळं एका वर्षात.

आता मला न कळलेल्या गोष्टी:

जुलैमध्ये तिकडे भाव एवढा उतरला तेव्हा माझ्या पावडरचा एक रुपयासुद्धा कमी झाला नाही, असं का? वाढताना लगेच आणि उतरताना नाहीच, हे सप्लायरचं आहे की धंदाच असा आहे?

आपली कॉफी तर चिकमगळूर-कूर्गची, मग ब्राझीलच्या पावसाचा माझ्या दुकानाशी संबंध किती?

आणि तिसरं, दिरांची एक कल्पना आहे की पावडरऐवजी कच्ची बीच घेऊन पोटमाळ्यावर ठेवायची आणि लागेल तशी माटुंग्याहून भाजून-दळून आणायची. कोणी केलंय का असं?

कॉफीचा कप गेली दोन वर्षं २५ रुपयेच ठेवलाय. वाढवायची हिंमत होत नाहीये कारण काही आजोबा आहेत ज्यांना मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय, ते रोज मोजून पंचवीस रुपये काउंटरवर ठेवतात. प्लीज अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षं नवी मुंबईत एका निर्यातदाराकडे कॉफीच्या कागदपत्रांचं काम केलं, आता सोडलंय, पण विषय जवळचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

दुसरा प्रश्न आधी घेतो कारण त्यातच पहिल्याचं उत्तर आहे. भारतात साडेतीन लाख टनांच्या आसपास कॉफी होते आणि त्यातली मोठी वाटणी बाहेर जाते, इटली, जर्मनी वगैरे. बागायतदाराला इटलीवाला जो भाव देतो त्याच्यापेक्षा कमीत तो माटुंग्याच्या रोस्टरला (कॉफी भाजून-दळून विकणाऱ्याला) का देईल? त्यामुळे माल आपला असला तरी भाव लंडन-न्यूयॉर्कचा. आणि आपल्याकडे ७० टक्क्यांच्या आसपास रोबस्टा, म्हणजे तुम्ही न्यूयॉर्क बघताय त्यापेक्षा लंडन जास्त बघा. रोबस्टासुद्धा फेब्रुवारी २०२५ मध्ये टनाला ५,५०० डॉलरच्या वर गेला होता.

आता हिशोब. समजा लंडनला टनाला ४,००० डॉलर, आणि डॉलर ९० रुपये. म्हणजे कच्ची बी ३६० रुपये किलो. भाजताना वजन १५ ते २० टक्के घटतं, १८ धरा, म्हणजे भाजलेली ४४० च्या आसपास. ॲरेबिका साडेतीन डॉलर पाउंड धरली तर कच्ची ६९४ आणि भाजून ८४५ च्या पुढे. तुमच्या पावडरमध्ये ॲरेबिका किती आणि रोबस्टा किती हे सप्लायरने कधी सांगितलंय का? मला वाटतं नसेल सांगितलं. सगळ्यात आधी ते विचारा, कारण त्याच्यावरच ८५० महाग की रास्त हे ठरतं. भाजणी, दळण, गाडीभाडं, त्याची कमाई आणि ५ टक्के जीएसटी हे सगळं वरून लागतं हेही लक्षात घ्या.

उतरताना कमी का झालं नाही, तर रोस्टरकडे दोन-तीन महिन्यांचा माल आधीच्या चढ्या भावाने घेतलेला असतो, तो संपेपर्यंत तो खाली येत नाही. हे मी समजू शकतो. पण मग वाढतानाही त्याच्याकडे जुना स्वस्त माल असायला पाहिजे ना, तेव्हा मात्र दुसऱ्या दिवशी फोन येतो. तिथे तुम्ही भांडायला हवं होतं. शिवाय वर्षभरात रुपयाही घसरला, तिकडे भाव दहा टक्के उतरला तरी इथे तेवढा उतरत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. भाव बांधून देणारा माणूस तो भाव पाळू शकतो का, हे कोणी विचारत नाही. २०२४ च्या शेवटी ब्राझीलमधल्या मोठ्या मोठ्या ट्रेडिंग कंपन्यांना कर्ज देणाऱ्यांपासून संरक्षण मागायला कोर्टात जावं लागलं, कारण त्यांनी वायदे विकून ठेवले होते, भाव चढत गेला, मार्जिनचे पैसे (सौदा तोट्यात गेला की बाजारात भरावी लागणारी अनामत) भरता भरता नाकी नऊ आले. व्हिएतनामला भाव चढल्यावर शेतकऱ्यांनी आणि मधल्या व्यापाऱ्यांनी ठरलेल्या भावाने माल द्यायला नकार दिला. तुमचा सप्लायर कुठे भाव बांधून ठेवणार आहे? न्यूयॉर्कचा एक वायदा ३७,५०० पाउंडांचा असतो, म्हणजे १७ टन, लंडनचा १० टनांचा. तुमचं वर्षाचं सहाशे किलो. त्याने ३०० किलो कच्चा माल आज विकत घेऊन गोदामात ठेवला असेल तरच त्याच्या शब्दाला अर्थ, नाहीतर भाव हजारावर गेल्यावर तो एप्रिलमध्ये "माल येत नाहीये" म्हणेल आणि तुमचे पैसे अडकतील. भाव उतरला तर मात्र तुम्ही ८८० ने उचलायला बांधील. दोन्हीकडून जोखीम तुमच्याच गळ्यात.

प्रतिसाद

पोटमाळ्याचं अजिबात करू नका!! आम्ही गिरगावात चाळीत राहायचो तेव्हा वडिलांनी हौसेने एक पोतं आणून ठेवलं होतं, पावसाळ्यात पार वाया गेलं, बुरशीचा वास. कच्च्या बीत ओल ११ टक्क्यांच्या आसपास राहायला लागते आणि मुंबईच्या जुलैच्या हवेत ती वाढतेच. मंगळूरकडे मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर ठेवून मॉन्सून मलबार नावाची कॉफी करतात, बी फुगते, पिवळट होते, चव पूर्ण बदलते, पण ते जाणकार लोक गोदामात रोज उलथापालथ करून करतात. आणि दळलेली पावडर तर दोन-तीन आठवड्यांत वास सोडते. म्हणजे साठा करून भावाशी लढणं आपल्यासारख्यांना जमणारं नाही, डोक्यातून काढा.

प्रतिसाद

माझी आत्तेबहीण लग्न होऊन चिकमगळूरला दिलीय, त्यांची ॲरेबिका आणि थोडी रोबस्टा आहे. तिच्याशी काल फोनवर बोलले. सध्या ॲरेबिकाची तोडणी चालू आहे, रोबस्टा जानेवारी ते मार्च. म्हणजे नवीन रोबस्टा बाजारात यायच्या तोंडावर तुमच्याकडून भाव बांधून घेतायत, आवक वाढली की भाव जरा नरम पडतो हा नेहमीचा अनुभव, त्यामुळे घाई कोणाची आहे ते बघा. पण उतरेलच असं तीही म्हणत नाही. यावेळी बागायतदारांच्या हातात पैसा आहे, त्यांना विकायची घाई नाही, पोती घरात ठेवून बसलेत. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलोऱ्याचा पाऊस नीट पडला नाही तर पुढच्या वर्षीचं पीक गेलं, मग परत वर.

एक गोष्ट मात्र सांगते, वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला ८५० जास्त वाटतात, पण या लोकांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे दिवस बघितलेत. १९८९ मध्ये कोणी किती कॉफी बाहेर विकायची हा देशादेशांतला कोट्याचा करार मोडला, सगळ्यांनी माल ओतला आणि २००१-०२ ला न्यूयॉर्कचा भाव पाउंडाला ५० सेंटच्या खाली गेला होता. तिच्या सासऱ्यांनी तेव्हा बागेचा एक तुकडा विकला. नवीन झाड लावलं तर फळ धरायला तीन-चार वर्षं, त्यामुळे भाव वाढला म्हणून लगेच कॉफी वाढत नाही आणि पडला म्हणून लगेच कमी होत नाही. हे असं हेलकावे खातच चालणार.

प्रतिसाद

मी सीए नाही, पण दुकान चालवतो (दादर, फरसाण). कपावर हिशोब करून बघा ताई. किलोत ८० कप निघतात ना? मग ५२० ला कपामागे साडेसहा रुपये पडत होते, ८५० ला १० रुपये ६० पैसे. सव्वाचार रुपयाच्या आत वाढ. पुढे किलोला १०० रुपये वाढले तरी कपाला सव्वा रुपया. आता ऑफर बघा: भाव ९५० झाला तर किलोमागे ७० वाचणार, ३०० किलोचे २१ हजार. ७५० झाला तर १३० जास्त देणार, ३९ हजार. आणि काहीच नाही हलला तरी ९ हजार गेले. यासाठी सव्वा लाखाच्या वर रोख अडकवायची? ती रोख तुमच्या दुधाच्या बिलाला, पगाराला लागते. चिकोरी वाढवायचा सल्ला कोणी देईल, देऊ देत, पण ८०-२० चं ७०-३० केलंत तर पहिल्याच दिवशी तुमच्या आजोबांना कळेल. आणि कप २८ करा. आता सगळे मोबाइलवर पैसे देतात, सुट्ट्याचा प्रश्न राहिला नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. दिरांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला, कपावरचा हिशोब ऐकून ते गप्प झाले आणि मग स्वतःच म्हणाले की नको.

आज सप्लायरला फोन केला. आधी ॲरेबिका-रोबस्टा किती ते विचारलं, तर दोनदा विषय बदलला, तिसऱ्यांदा म्हणाला रोबस्टा ७०, ॲरेबिका ३०. निर्यातवाल्या दादांच्या हिशोबाने मग ८५० जरा जास्तच वाटतायत, बरोबर ना? मी त्याला सांगितलं की सहा महिने नाही, मार्चपर्यंत आत्ताच्याच भावाने दे, पैसे एका महिन्याचे आगाऊ देते, मार्चमध्ये रोबस्टाची आवक बघून परत बसू. सरकारच्या कॉफी बोर्डाच्या वेबसाइटवर रोजचे भाव येतात ते दोघांनी मिळून बघायचे, वर गेले तर मी वाढवून देईन, पण खाली आले तर त्यानेही उतरवायचं, आणि किती दिवसांनी उतरवायचं तेही आधीच ठरवायचं. तो नाराज झाला, पण नाही म्हणाला नाही. शनिवारी दुकानात येतोय.

माटुंग्याच्या अजून दोन रोस्टरकडून सॅम्पल आणलंय, उद्या सकाळी न सांगता आमच्या एका आजोबांना देऊन बघणार आहे, त्यांच्या जिभेवर माझा स्वतःपेक्षा जास्त विश्वास आहे. कप २८ चा करायचा ठरलाय, एक जानेवारीपासून. बोर्ड मीच लिहिणार आणि जुन्या लोकांना आधी तोंडाने सांगणार, भिंतीवर वाचून कळायला नको.

आता शेवटची मदत: भाव वर-खाली झाला तर काय करायचं, माल आला नाही तर आगाऊ पैसे किती दिवसांत परत, हे लिहिलेला साधा एक पानी करार कोणी केलाय का, कुठल्याही मालाचा असला तरी चालेल? मराठीत असेल तर फार बरं, त्यातला मजकूर इथे टाका, नाव-पत्ता काढून. शनिवारच्या आत मिळाला तर बरं होईल.