वाचून झालं की मला दे

ग्वाल्हेरात आमच्याकडे मराठी पुस्तक येतं ते बहुतेक कुणाच्या तरी बॅगेतून. पुण्याला लग्नाला गेलेली वहिनी येताना दोन पुस्तकं आणते, आणि मग लश्कर, कंपू, मुरार अशी गावातल्या भागांतून ती वर्षभर हिंडतात. तुम्हाला कुणी काय वाचायला दिलं, तुम्ही कुणाला काय दिलं, वाचून काय वाटलं, ते लिहा. आवडलं नसेल तर तेही लिहा. सुरुवात मी करते.

आमच्या जुन्या वाड्यातल्या काकूंनी मला विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’ दिलं. म्हणाल्या, “ग्वाल्हेरात जन्म गेला तुझा, आणि हे वाचलं नाहीस?” पेणजवळच्या वरसईचा हा भटजी. घरावर कर्ज, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार अशी बातमी कानावर आलेली. दक्षिणा चांगली मिळेल म्हणून तो काकांबरोबर उत्तरेला निघाला आणि १८५७च्या ऐन वणव्यात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो आत गावातच होता. पुस्तक छापून आलं ते १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांनी संपादित केलेलं.

मी अडकले ते काल्पीच्या वाटेवरच्या विहिरीपाशी. धुळीनं माखलेली, पठाणी वेशातली राणी तिथे येते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतो. ती त्याला थांबवते, स्वतः पाणी काढते आणि ओंजळीनं पिते. बस, एवढंच. फुलबागेतल्या तिच्या समाधीवरून मी बत्तीस वर्षं टेम्पोनं शाळेत शिकवायला गेले. घोड्यावरची राणी डोळ्यांसमोर होती, तहानलेली कधी आली नव्हती. त्या रविवारी समाधीपाशी उतरले आणि थोडा वेळ बसून राहिले.

कंपूहून

ताई, ते पुस्तक तुमच्यानंतर माझ्याकडे आलं, आणि मला ते तुमच्याइतकं भावलं नाही. पानोपानी दक्षिणा किती, जेवायला काय होतं, निजायची सोय कशी. माणसं मरताहेत आणि भटजींना आपल्या पैशांची काळजी. तुम्हाला फोनवर हे बोललो तेव्हा तुम्ही म्हणालात, “अहो, म्हणून तर मी त्याच्यावर विश्वास ठेवते. इतिहास लिहायला बसलेला माणूस ताटात काय होतं ते लिहीत नाही.” मला तेव्हा पटलं नाही. पण झाशीचा ग्रंथसंग्रह नासला गेला, तो भाग परत काढून वाचला. तिथे हा गरीब भिक्षुक आपलं दुःख विसरून पोथ्यांसाठी हळहळतो. तेवढी पानं मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. बाकीच्या पुस्तकाबद्दल माझं मत अजून तेच आहे.

दौलतगंजहून

माझी सून भिंडची, तिच्या माहेरी हिंदी. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी म्हणाली, “आई, तुम्ही सगळे एवढं काय वाचता, मलाही द्या.” लिपी एकच, तेव्हा अक्षरं तिला येतच होती. मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ दिली. शेजारणी म्हणाल्या, पहिलंच पुस्तक एवढं जुनं कशाला? पण मला माहीत होतं, बाई बोलते तशीच लिहिते.

गंमत शब्दांची झाली. कुणाला ‘शिक्षा’ झाली की सुनेला वाटे शिकवलं. ‘चेष्टा’ म्हणजे तिच्या लेखी प्रयत्न. ‘राग’ आला की ती गाणं शोधायची. एक वही केली तिनं, डावीकडे शब्द, मधे ‘हमारे यहाँ’, उजवीकडे ‘इथे’. ‘ळ’ म्हणायला मात्र माझा पाच वर्षांचा नातू तिला शिकवायचा, जीभ वर वळवून दाखवत.

१८९५ साली लक्ष्मीबाईंचे यजमान, कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई एकट्या पडल्या, तिथवर आली आणि तिनं पुस्तक मिटलं. दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “मम्मीजी, इतना गुस्सा करके भी वो उनका इंतज़ार कर रही है ना?” मला लग्नाआधी वाचलेल्या त्या पुस्तकातलं हे त्या पोळपाटापाशी उमगलं. पुढे पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनी आपल्या मनानं बाप्तिस्मा घेतला, ते तिनं मला वाचून दाखवलं. मराठीत. अडखळत, पण एक ओळ न गाळता.

मुरारहून

१९८८. होस्टेलवर मित्रानं भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ हातात ठेवली. आठ दिवसांत परत केली, “हा नुसता कुढत बसतो” म्हणून. तो दुखावला. नंतर नोकऱ्या, बदल्या, तो नागपूरला. गेल्या वर्षी माझी धाकटी बहीण गेली. कपाट आवरताना पुतण्याची ‘कोसला’ दिसली आणि उभ्याउभ्याच वाचायला लागलो. नायक पांडुरंगची बहीण मनी देवीच्या रोगानं जाते, तिथे आलो. रात्री साडेदहाला मित्राला फोन लावला. त्यानं विचारलं, “कुठवर आलास?” मी सांगितलं. तो म्हणाला, “मग आज पुढे वाचू नकोस. झोप.”

नेमाड्यांनी ही कादंबरी लिहिली तेव्हा ते पंचविशीचे होते. पंचवीस वर्षांच्या मुलाला हे कसं कळलं असेल, हा विचार अजून जात नाही.

हजिऱ्याहून

माझ्या हिंदीच्या प्राध्यापक मित्रानं मुक्तिबोधांच्या कविता दिल्या. गजानन माधव जन्मले श्योपूरला, १९१७ साली, म्हणजे तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातच. घरात मराठी, लिहिलं हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. मित्राला शरच्चंद्रांचं नावच माहीत नव्हतं. मी त्यांच्या चार कविता हातानं उतरवून, खाली कठीण शब्दांचे अर्थ देऊन त्याला दिल्या. आता तो थोरल्याचं आणतो, मी धाकट्याचं, आणि शनिवारी महाराज बाड्याच्या चौकात चहा होतो.

नया बाजारहून

मैत्रिणीची ‘बनगरवाडी’ माझ्या हातून भिजली. मे महिना, कूलरच्या स्टँडवर ठेवली आणि डोळा लागला. उठले तेव्हा मागची चाळीस पानं फुगून चिकटलेली. एकेक पान सोडवून मधे पावडर भुरभुरली, वर पाटा ठेवला, चार दिवस. पानं सुटली, सरळ काही झाली नाहीत. नवीन प्रत मागवते म्हटलं तर मैत्रीण नको म्हणाली. हीच प्रत तिच्या वडिलांनी वाचलेली, समासात त्यांच्या पेन्सिलच्या खुणा. मेंढरांमागे जाणाऱ्या पोरांना शाळेत आणायची मास्तरची धडपड आहे ना, तिथे एका खुणेशी बारीक अक्षरात ‘खरे आहे’ लिहिलेलं. तिचे वडील भितरवारकडे मास्तर होते. ती अक्षरं पाण्यातूनही वाचली. खुणा पेन्सिलच्या होत्या म्हणून. शाई असती तर मी तिला तोंड दाखवू शकले नसते.

पुन्हा लश्करहून

सगळ्यांचं वाचलं. काकूंना आता पुस्तकातलं अक्षर दिसत नाही, म्हणून तुमचे अनुभव एका दुपारी त्यांना वाचून दाखवले. कंपूच्या भाऊंचं मत ऐकून त्या उठून बसल्या. म्हणाल्या, “त्याला सांग, भटजीनं आईवडिलांसाठी गंगेची कावड पार कोकणात नेली, तेही त्याच पुस्तकात आहे.” मग म्हणाल्या, ती पानं काढ. तेव्हापासून रोज रात्री नवाच्या सुमाराला मी त्यांना एक प्रकरण वाचून फोनवर पाठवते. काल पाठवायला उशीर झाला, तर साडेनवाला त्यांचाच फोन आला.