मदत हवी आहे: घरी कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट होऊन राहिला, दुकानात मात्र ठणठणीत

पत्रिकावाली

नमस्कार मंडळी. मी नागपूरला मानेवाड्याकडे राहते आणि घरूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका, क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका, कधी एखादा पीएचडीचा प्रबंध. गेल्या तीन आठवड्यांपासून कॉम्प्युटर चालता चालता आपोआप रिस्टार्ट होऊन राहिला आहे. ना निळा पडदा, ना कुठली सूचना. एकदम काळोख, मग कंपनीचं चिन्ह, मग विंडोज सुरू, जसं काही झालंच नाही.

काल तर कहर झाला. एका पत्रिकेत निमंत्रकांची एकोणतीस नावं मानाच्या क्रमाने बसवली होती (त्या क्रमावरून मुलाकडच्यांचे दोन फोन येऊन गेले होते). शेवटी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' खाली चिल्ल्यापिल्ल्यांची नावं टाकत होते आणि गेला. सेव्ह पाऊण तासापूर्वीचं. आता दर ओळीला कंट्रोल एस दाबते, करंगळी दुखायला लागली.

मशीन २०२० च्या शेवटी जुळवून घेतलेलं आहे. आय थ्री, ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज १०. यूपीएस आहे (लाईन गेली की बॅटरीवर मशीन चालवणारा), तेव्हा लाईनचा प्रश्न नाही.

आतापर्यंत केलेले उपाय: व्हायरस स्कॅन झालं, डबा उघडून ब्लोअरने धूळ काढली. बर्डीच्या एका दुकानात दोनदा दिला. पहिल्यांदा 'काही नाही' म्हणून परत आला. दुसऱ्यांदा 'रॅम गेली' म्हणून रॅम बदलली, अठराशे रुपये घेतले. घरी आणला आणि त्याच संध्याकाळी पुन्हा तेच. आता तिथला पोरगा म्हणतो, "काकू, इथं तीन दिवस गाणी वाजवली, एकदाही बंद नाही पडला. तुमच्याच घरी काहून होते?" आणि वर मदरबोर्ड बदला म्हणतो. मुहूर्ताचे दिवस आहेत, मशीन पुन्हा आठ दिवस दुकानात ठेवणं परवडणार नाही. काय करू?

पेठेतला

विंडोज नव्याने टाका. विषय संपला.

खामल्याचा

ताई, पारा ४५ च्या वर आहे. या उन्हात माणूसच रिस्टार्ट होऊन राहिला, मशीनचं काय घेऊन बसलात! प्रोसेसरवरची पेस्ट सुकली असेल. तापमान किती दाखवतो ते बघा. कूलर त्याच खोलीत आहे ना?

पत्रिकावाली

आहे ना, मोठा लोखंडी कूलर खिडकीत आहे, ताट्या याच वर्षी बदलल्या. तापमान बघितलं, पेजमेकर आणि फोटोशॉप दोन्ही उघडून ७१ च्या वर गेलं नाही.

पेठेतल्या दादा, विंडोज टाकायला हरकत नाही, पण मग सगळे मराठी फॉन्ट आणि त्यांची ती कुलपं पुन्हा बसवायची. तो शेवटचा उपाय ठेवते.

फेज_न्यूट्रल

७१ म्हणजे उष्णतेचा विषय सोडा. प्रोसेसर फार तापला तर आधी हळू चालतो, अगदीच अति झालं की बंद पडतो. लगेच स्वतःहून उठून कामाला लागत नाही.

ताई, तीन गोष्टी बघून सांगा. विंडोज टाकण्याआधी, आणि मदरबोर्डाच्या तर खूपच आधी.

एक. धिस पीसीवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी. तिथे 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' वरची टिक काढा. विंडोज, ड्रायव्हर किंवा रॅमचा घोळ असेल तर बहुतेक वेळा आता निळा पडदा तसाच थांबून राहील. टिक काढूनही थेट काळोखच होत असेल तर संशय विजेच्या बाजूला जातो.

दोन. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. लाल खुणेची 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद असेल. ती बघून घाबरू नका, तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. तिच्या डिटेल्समध्ये 'बगचेककोड' समोर काय आकडा आहे तो सांगा.

तीन. ही सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही लिहिलंत 'मग कंपनीचं चिन्ह'. कुठल्या कंपनीचं? मदरबोर्डच्या की मॉनिटरच्या?

आणि वेळा लिहून ठेवा. कॅलेंडरच्या मागे लिहिल्या तरी चालेल.

पत्रिकावाली

भाऊ, दोन दिवस बघितलं. टिक काढली, तरी थेट काळोखच. बगचेककोड सगळीकडे ० आहे.

आणि चिन्हाचं तुम्ही विचारलं म्हणून नीट बघितलं. आधी मॉनिटरच्या कंपनीचं येतं, मग मदरबोर्डचं. एरवी मी सीपीयू बंद केला तर मॉनिटर नुसता 'नो सिग्नल' म्हणतो, त्याचं स्वतःचं चिन्ह येत नाही. म्हणजे काय झालं?

वेळा: सकाळी ६:५०, दुपारी ३:४०, संध्याकाळी ७:०५, दुसऱ्या दिवशी ६:५५, ७:१०. दुपारचा तो एक सोडला तर सकाळ-संध्याकाळच आहे, हे लिहिल्यावरच लक्षात आलं. त्या वेळी वरचे भाडेकरू बोअरची मोटर लावतात. पण मोटर लावली की दर वेळी होतं असंही नाही.

फेज_न्यूट्रल

बगचेककोड ० म्हणजे विंडोजला स्वतःची चूक नोंदवायला वेळच मिळाला नाही. आणि चिन्हाचा अर्थ असा की तुमच्या मॉनिटरचीसुद्धा वीज जाऊन येते. डब्याच्या आतला कुठलाही भाग बिघडला, रॅम घ्या, मदरबोर्ड घ्या, नाहीतर एसएमपीएस (डब्यातल्या भागांना वीज देणारा), तरी मॉनिटरची वीज त्याने जात नाही. मॉनिटरची वायर वेगळी. दोघांचं उगमस्थान एकच: तुमचा यूपीएस.

आता सांगा, दुकानात काय काय नेलं होतं?

पत्रिकावाली

फक्त डबा. तो म्हणाला बाकी काही आणू नका.

अगं बाई.

फेज_न्यूट्रल

हो. आजारी माणूस घरी ठेवला आणि शेजाऱ्याला दवाखान्यात नेलं, तेही दोनदा.

यूपीएसची बॅटरी कधी बदलली होती? २०२० पासून तीच असेल तर तिने खरं तर जास्तच साथ दिली. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी साधारण २५ अंश तापमान धरून बनवलेली असते. त्याच्या वर दर आठ-दहा अंशांना तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. आपल्याकडे टेबलाखाली कोपऱ्यात यूपीएस ठेवलेला असतो तिथे कूलरची हवाही पोचत नाही.

होतं असं: मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते आणि घरातलं व्होल्टेज खाली झोका घेतं. यूपीएसला वाटतं लाईन गेली, आतला रिले (लाईन आणि बॅटरी यांच्यात बदल करणारा स्विच) टक्‌ करून बॅटरीवर उडी मारतो. बॅटरी मेलेली. अर्ध्या सेकंदात तो परत लाईनवर येतो, तोवर तुमची नावं गेलेली. लाईन मुळात चांगली असेल त्या वेळी झोका तितका खोल जात नाही, म्हणून दर वेळी होत नाही. दुपारच्या ३:४० ला वस्तीत सगळ्यांचे एसी चालू असतात, व्होल्टेज आधीच पडलेलं, तेव्हा तुमचा फ्रिज चालू झाला तरी पुरे.

तपासणी सोपी. काम सेव्ह करून मशीन बंद करा. यूपीएसवरून डबा आणि मॉनिटर काढा, त्यांच्या जागी साधा टेबललॅम्प लावा. यूपीएस चालू, लॅम्प चालू, आणि भिंतीवरचं बटण बंद करा. लॅम्प पाच-सात मिनिटं तरी जळायला हवा.

खामल्याचा

मान्य, पण माझी एक शंका. नुसती वीज जाऊन आली तर डबा बंद पडून राहायला हवा, बटण दाबेपर्यंत. ताईंचा तर आपोआप चालू होतो.

फेज_न्यूट्रल

बरोबर प्रश्न. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, 'वीज आली की आपोआप चालू' असं कुणीतरी करून ठेवलं असणार.

पत्रिकावाली

कुणीतरी नाही, माझ्या मुलाने. तो बंगळुरूला असतो, तिथून माझ्या मशीनवर येऊन प्रिंटर वगैरे नीट करून देतो. मागच्या दिवाळीत म्हणाला होता, "आई, आता लाईन गेली-आली तरी हा स्वतः उठेल, तुला बटण दाबायला नको." त्याला आता फोन केला तर हसतोय मेला.

लॅम्पचं केलं. भिंतीवरचं बटण बंद केलं आणि लॅम्प त्याच क्षणी विझला. एक सेकंदसुद्धा नाही. आणखी एक. कूलर बंद करून यूपीएसवर हात ठेवून बसले आणि वरच्यांना मोटर लावायला सांगितली. टक्‌! हाताला जाणवलं. तीन आठवडे हा टक्‌ माझ्या पायाशी होत होता आणि कूलरच्या घरघरीत मला ऐकू आला नाही. पूर्वी लाईन गेली की यूपीएस ओरडायचा, तेही कधी बंद झालं कळलं नाही.

खामल्याचा

बॅटरी आणेपर्यंत यूपीएस बाजूला काढा आणि दोन्ही वायरी थेट भिंतीला लावा ताई. एवढासा झोका चांगला एसएमपीएस स्वतःच पचवतो, त्याच्यात बॅटरी नसली तरी मोठा कपॅसिटर असतो. तुमच्या केसमध्ये यूपीएस नसता तर बरं झालं असतं, हीच गंमत. मात्र लाईन खरंच गेली तर मशीन जाणार, कंट्रोल एस सोडू नका. आणि त्या भिंतीच्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. कूलरचं तर आधी बघा, दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकच्या बातम्या वाचतो आपण.

पत्रिकावाली

थेट भिंतीला लावून तीन दिवस झाले. मोटर सहा वेळा लागली, मी मुद्दाम मोजली. एकदाही रिस्टार्ट नाही. वायरमन येऊन गेला. कॉम्प्युटरच्या सॉकेटला अर्थिंग ठीक आहे, कूलरच्या सॉकेटची अर्थची वायर मात्र आत नुसती लोंबत होती. जोडून घेतली. खामल्याच्या भाऊ, तुमचे आभार मानावे तेवढे कमी.

आज बॅटरी बदलली. यूपीएस भिंतीपासून काढून मग उघडला. जुनी बॅटरी दोन्ही बाजूंनी इतकी फुगली होती की खोबणीतून निघेना, उलथन्याने उचकटावी लागली (उलथनं प्लास्टिकचं होतं, ओरडू नका). लाल वायर लालला, काळी काळीला, फोटो आधीच काढून ठेवला होता. जुनी बॅटरी बॅटरीवाल्याने परत घेतली आणि थोडे पैसे कमी केले. नवी हजाराच्या आत आली.

फेज_न्यूट्रल

जुनी परत दिलीत ते छान, शिशाची बॅटरी भंगारात टाकू नये. नवी रात्रभर चार्ज होऊ द्या, मगच मशीन लावा. प्रिंटर, विशेषतः लेझर, त्या यूपीएसवर कधीच लावू नका. दर तीन महिन्यांनी लॅम्पची तीच तपासणी करत जा.

पत्रिकावाली

नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला, बाहेर विस्तव आहे, मोटर सकाळ-संध्याकाळ चालू आहे. मशीन गेले नऊ दिवस एकदाही गेलं नाही. काल तर दुपारी खरोखर लाईन गेली, यूपीएस ओरडला, मी सेव्ह करून शांतपणे शटडाऊन केलं. धागा बंद करायला हरकत नाही.

पेठेतला

अभिनंदन. एक विचारू? रॅम गेलीच नव्हती, तर मग तुमची जुनी रॅम कुठे आहे?

पत्रिकावाली

दुकानातच राहिली.

उद्या ऊन उतरलं की बर्डीला जाते.