मदत हवी आहे: बार मिट्झ्वा (मुलाच्या तेराव्या वर्षाचा यहुदी समारंभ) तोंडावर आलाय आणि मुलगा वर्गाला जात नाही

आश्दोदची_आई: कोणीतरी लवकर सांगा. आम्ही नुकतेच भारतातून इस्रायलला आलोय. वर्गाचं नाव काढलं की लेकाच्या पोटात दुखायला लागतं. डॉक्टर म्हणतात, काही नाही. हॉल ठरलाय, ठाण्याहून सासूबाई येताहेत. काय करू?

नवगावकर: कुठला वर्ग? शाळेचा?

आश्दोदची_आई: सिनेगॉगमधला, पाराशा म्हणजे तोरा या धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा भाग वाचायचा. दुसरा कुठला असणार!

रेवदंड्याचा_दादा: रोज तासभर समोर बसवा. आमच्या धाकट्याला असंच बसवलं, घडाघडा वाचलं त्याने.

दिमोनाकर: बसवू नका हो ताई. सेफेर तोरात, म्हणजे तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत, ना स्वरचिन्हं ना चालीच्या खुणा, सगळं डोक्यात ठेवावं लागतं. नुकत्याच भारतातून आलेल्या पोराने घाबरू नये तर काय? तेरा वर्षं पूर्ण झाली की तो बार मिट्झ्वा, म्हणजे धर्माज्ञा पाळायला बांधील, झालाच. अलिया घेऊन, म्हणजे तोरावाचनाला पुढे बोलावल्यावर, नुसते आशीर्वाद म्हटले तरी चालतं. सोमवारी किंवा गुरुवारी ठेवा, त्या दिवशी वाचन छोटं असतं.

रेवदंड्याचा_दादा: आणि लोकांनी म्हणायचं, बेने इस्राएलांना, महाराष्ट्रातल्या यहुद्यांना, येत नाही? आपल्या माणसांनी आंदोलनं केली तेव्हा कुठे 1964 मध्ये रब्बीनेटने, इस्रायलच्या मुख्य यहुदी धर्मपीठाने, आपल्याला पूर्ण यहुदी मानलं. पोराने अख्खा पाराशा वाचायलाच हवा.

दिमोनाकर: माझे वडील होते त्या आंदोलनात. त्याचं ओझं या लेकराच्या डोक्यावर कशाला?

भायखळ्याची_सून: समारंभातल्या मलिद्याला, गोड पोह्यांच्या प्रसादाला, पातळ पोहेच घ्या हं, आणि ओलं खोबरं आयत्या वेळी घाला.

समुपदेशक_पुणे: ताई, वर्गात नेमकं काय होतं? घरात इतक्यात काही घडलंय का? सासूबाई एकट्याच येताहेत?

आश्दोदची_आई: सासरे पावसाळ्यात गेले. त्याचा इथे काय संबंध? आत्ता लेकाला विचारलं. आजोबांनी शिकवलेल्या चालीवर म्हणतो म्हणून मुलं हसतात, सर ती चूक म्हणतात. ‘आजोबा चुकीचे होते का’ म्हणून रडला.

समुपदेशक_पुणे: हाच तर संबंध, ताई. पाठांतर आठवडाभर बंद ठेवा आणि त्याला आजोबांबद्दल बोलू द्या. शाळेच्या योएत्सेतला, म्हणजे समुपदेशिकेला, भेटा. खाणं-झोप बिघडली, जगणं नकोसं झाल्यासारखं बोलायला लागला, तर थांबू नका, एरान या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनच्या 1201 वर फोन करा.

दिमोनाकर: आणि सरांशी तुम्ही स्वतः बोला. आजोबांच्या चालीवर आशीर्वाद म्हटले तर बिघडत नाही, हे सगळ्या मुलांसमोर सांगायला लावा.

आश्दोदची_आई: उद्याच भेटते सरांना. योएत्सेतशी बोलायला दुभाषी मिळतो का? माझं हिब्रू बाजारहाटापुरतंच आहे.