मदत हवी आहे: थंडीत नवे चालणारे टिकवायचे कसे?

मंडळी, जळगावात मेहरूण तलावावर पहाटे चालणाऱ्यांचा गट आहे. पन्नाशीच्या पुढचे नवे लोक उत्साहाने येतात आणि तिसऱ्या आठवड्यात गळतात. (त्यातच भरीत पार्ट्यांचा हंगाम!)

सध्याची पद्धत अशी: पहिले दोन आठवडे फक्त १५ मिनिटं, पुढे दर आठवड्याला ५ मिनिटं वाढ. वेग इतकाच की बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. खरा त्रास पहिल्या दहा मिनिटांचा. स्नायू गार असतात, पिंढऱ्या ओढतात. नवीन व्यायामानंतरची अंगदुखी २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवते, मग ओसरते. लोक नेमके तेव्हाच घरी बसतात. तेवढं सोसायला हवं. पण छातीत दडपण, चक्कर किंवा गुडघ्यात टोचणारी कळ आली तर लगेच थांबायचं, तिथे जिद्द नको.

'२१ दिवसांत सवय लागते' हे आम्ही सांगत नाही. लंडनमधल्या २००९ च्या अभ्यासात सवय लागण्याचा मध्यक ६६ दिवस निघाला (म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त), पल्ला १८ ते २५४ दिवस.

धुळे-नंदुरबारकडे असे गट चालवणाऱ्यांनी सांगावं: अंगदुखीच्या त्या दोन-तीन दिवसांत चालणं निम्मं करता की सुट्टी देता? आणि सुट्टीनंतर माणूस परत कसा आणता?