रिंगची उंची आणि रेलचा उतार
रेमिंग्टन ७०० रायफलवरील ३४ मिमी नळीच्या स्कोपला (नेम धरण्याच्या दुर्बिणीला) ५६ मिमीचे ऑब्जेक्टिव्ह (पुढचे भिंग) आहे, म्हणून स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगा सर्वांत उंचच घ्याव्यात, हे मत मला पटत नाही. ऑब्जेक्टिव्ह बॅरलला वा रेलला (रिंगा बसवण्याच्या पट्टीला) न टेकता आणि बोल्टची मूठ आयपीसला (डोळ्याकडील टोकाला) न अडता जी कमीत कमी उंची साधेल, तीच निवडावी; अन्यथा गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि डोळ्याची जागा दर वेळी बदलते. (गालपट्टी वर-खाली होत असेल, तर थोडी जास्त उंची चालते.) पिकॅटिनी (प्रमाणित खाचांच्या) रेलला २० एमओए (कोनाचे माप; १ एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) उतार आधीच असेल, तर उताराचा एकसंध माउंट (रिंगा एकाच तुकड्यात असलेला आधार) घेताना जपावे, कारण दोन्ही उतारांची बेरीज होते आणि स्कोपची समायोजन-मर्यादा (नेम वर-खाली सरकवण्याची मुभा) कमी असल्यास १०० मीटरवर शून्य जुळतच नाही, म्हणजे नेम आणि गोळी एका बिंदूवर येत नाहीत. रिंगांच्या झाकणाच्या स्क्रूंसाठी अनेक निर्माते १५ ते १८ इंच-पाउंड (आवळण्याच्या जोराचे माप) सांगतात. त्याहून जास्त आवळल्यास नळी दबू शकते.